तीन पायांचा मोत्या

कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. आपल्या नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या सर्वांना ती तसबीर ठाऊक आहे. खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच. कुत्रा घर राखतो. रानात पिकाची राखण करतो. पगार मागत नाही. शिळी भाकरी मिळाली तरी शेपूट हलवतो.

गाईनं वैरण टाकली, तर आपण लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे धावतो. पण कुत्रा लंगडला, तर? आपण म्हणतो, "असू दे. पडून राहील, आपोआप बरा होईल." आम्हीसुद्धा असंच म्हटलं. आमची चूक झाली. ती चूक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये, म्हणून हा धडा लिहिला आहे.

१. लंगडणं

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. उंच, लांब पायांचा, कारवानी जातीचा. वय आठ वर्षं. 2022 सालच्या मे महिन्यात तो पुढच्या उजव्या पायानं लंगडू लागला. आम्हांला वाटलं, रानात पाय मुरगळला असेल. आम्ही गरम तेल चोळलं. हळद आणि चुना लावला. चार दिवस बरं वाटे. पुन्हा लंगडणं सुरू होई.

जून गेला. राधानगरीचा पाऊस सुरू झाला. मोत्याच्या मनगटाच्या वर सूज आली. सूज हाताला टणक लागे. आम्ही हात लावला की तो हात चाटे आणि पाय ओढून घेई. तो ओरडला मात्र एकदाही नाही. म्हणून आम्हांला वाटलं, फारसं दुखत नसेल.

इथंच माणूस फसतो. कुत्रा दुखणं लपवतो. दुखत असलं, तर तो कमी खेळतो. जागेवरून लवकर उठत नाही. उगाच धापा टाकतो. एकच जागा सारखी चाटतो. रात्री कूस बदलत राहतो. ही त्याची बोली आहे. आपण अक्षरं वाचायला शिकलो, तशी हीही बोली वाचायला शिकली पाहिजे.

शेवटी जुलै महिन्यात आम्ही त्याला जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेलं. राधानगरीहून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर. डॉक्टरांनी पायाचा आणि छातीचा एक्स-रे काढला. सुईनं सुजेतला थोडा भाग काढून तपासला. मग ते म्हणाले, "गुरुजी, हा हाडाचा कॅन्सर आहे. दोन महिन्यांपूर्वी यायला हवं होतं."

आम्ही खाली मान घातली. चाळीस वर्षं मुलांना "आजचं काम उद्यावर टाकू नका" असं शिकवलं, आणि स्वतः दोन महिने तेल चोळत बसलो.

२. कॅन्सर म्हणजे काय?

घर विटांचं असतं, तसं शरीर लहान लहान पेशींचं असतं. पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम शिस्तीनं चालतं. कधी कधी एखादी पेशी शिस्त मोडते. ती नको तेवढी वाढते. एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात. त्यांची गाठ बनते. यालाच कॅन्सर किंवा कर्करोग म्हणतात. हा रोग माणसाला होतो, तसाच कुत्र्यालाही होतो.

भाताच्या खाचरात तण माजतं, तसंच हे आहे. तण एका कोपऱ्यात उगवतं. त्याचं बी मात्र सगळ्या खाचरात पसरतं. हाडाच्या कॅन्सरचंही असंच असतं. गाठ पायात दिसते. पण तिच्या पेशी रक्तातून फुप्फुसात गेलेल्या असतात. त्या इतक्या बारीक असतात, की एक्स-रेत दिसत नाहीत.

हा रोग बहुधा मोठ्या, उंच कुत्र्यांना होतो. पुढच्या पायात मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ, आणि मागच्या पायात गुडघ्याजवळ तो जास्त आढळतो. रोगानं हाड आतून पोखरतं. नुसत्या उडीनंही ते मोडू शकतं. दुखणं फार असतं.

३. पाय का काढायचा?

डॉक्टर म्हणाले, "पाय खांद्यापासून काढावा लागेल."

आम्ही विचारलं, "थोडा खालून काढला तर चालणार नाही का?"

ते म्हणाले, "नाही. अर्धा पाय ठेवला, तर तो सारखा आपटेल. त्याला जखमा होतील. शिवाय रोगाचा भाग मागं राहता कामा नये."

आम्ही गावी आलो. शेजारचे अण्णा पडवीत येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, कुत्र्यापायी एवढा खर्च? आन् तीन पायांचं कुत्रं राखण काय करणार?"

आम्ही म्हणालो, "अण्णा, राखण त्यानं आठ वर्षं केली. आता त्याला राखायची पाळी आमची आहे."

पण अण्णांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. खर्च मोठा होता. म्हणून आम्ही डॉक्टरांना सरळ विचारलं, "एवढं करून तो किती जगेल?" त्यांनीही सरळ सांगितलं. नुसता पाय काढला, तर असं कुत्रं बहुधा चार-पाच महिने जगतं. पाय काढून पुढे औषधही दिलं, तर पुष्कळ कुत्री दहा-बारा महिने जगतात. पाचातलं एखादं दोन वर्षंही काढतं. रोग मुळासकट जाईल, असं वचन कोणी देऊ शकत नाही.

ते आणखी म्हणाले, "औषध परवडलं नाही, तर मन खाऊ नका. ते पाप नाही. पण त्याला दुखण्यात पडू देऊ नका. पाय काढा, नाही तर वेदना थांबवायच्या गोळ्या द्या. तेही पुरेनासं झालं, तर त्याला शांतपणे निरोप द्या. दुखत ठेवणं तेवढं करू नका."

हे वाक्य आम्ही मनात लिहून ठेवलं. घरात सर्वांनी बसून विचार केला. मुलानं खर्चाचा अर्धा भार उचलला. मग आम्ही होकार दिला.

४. पाय काढल्यावर घरची सेवा

मोत्या दुसऱ्या दिवशी उठून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी उड्या मारत चालू लागला. आम्हांला रडू आलं, पण त्याला त्याचं काही नव्हतं. "माझा पाय गेला" असं कुत्रा म्हणत बसत नाही. दुखणारा पाय गेला, एवढंच त्याला कळतं.

तरी पहिले पंधरा दिवस जपावं लागतं. आम्ही काय केलं, ते सांगतो.

आमच्या सोप्यात शहाबादी फरशी आहे. तीन पायांचं कुत्रं फरशीवर घसरतं. म्हणून आम्ही गोणपाटं शिवून अंथरली. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं. तिथं त्याला सोडलं नाही.

पायरी चढताना त्याच्या छातीखालून पंचा घालून आधार दिला. मागचा पाय काढला असेल, तर पंचा पोटाखालून घालावा. पंचानं अंग हलकेच उचलावं, ओढू नये.

कुत्रा टाके चाटतो आणि तोडतो. म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी घालतात. दवाखान्यात ती मिळते. जखमेवर माशी बसू देऊ नये. माशीनं अंडी घातली, की जखमेत किडे पडतात. जखमेभोवती थोडी सूज आणि निळेपणा येतो, तो ओसरतो. पण पू आला, वास आला किंवा टाका सुटला, तर दवाखाना गाठावा. मोत्याचे टाके बाराव्या दिवशी काढले.

कुत्र्याच्या अंगाचा निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. एक पुढचा पाय गेला, की दुसऱ्यावर ताण येतो. म्हणून कुत्र्याला लठ्ठ होऊ देऊ नये. नखं वाढू देऊ नयेत. थोडं थोडं, पण रोज चालवावं.

आणखी एक गोष्ट. आमच्या बाजूला जंगल आहे. बिबट्या वस्तीपर्यंत येतो. तीन पायांच्या कुत्र्याला बिबट्यापासून पळून सुटणं अवघड असतं. त्याला रात्री बाहेर ठेवू नये. मोत्या आठ वर्षं अंगणात झोपला होता. त्यानंतर तो सोप्यात, आमच्या खाटेजवळ झोपू लागला.

५. केमो म्हणजे काय?

टाके निघाल्यावर दुसरं औषध सुरू झालं. त्याला केमोथेरपी म्हणतात. थोडक्यात केमो. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. पुन्हा खाचराचंच उदाहरण घेऊ. पाय काढणं म्हणजे तणाचा मोठा गड्डा उपटणं. केमो म्हणजे पसरलेल्या बियांसाठी तणनाशक मारणं. पण तणनाशकाचा थोडा चटका पिकालाही बसतो. तसं केमोचा चटका चांगल्या पेशींनाही बसतो. आतड्यातल्या पेशींना बसला, की उलटी आणि जुलाब होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बसला, की रोगाशी झुंजायची ताकद कमी होते.

माणसाचे केस जातात, तसे बहुतेक कुत्र्यांचे जात नाहीत. कुत्र्याला औषधही बेतानं देतात. रोग पुरता मारण्यापेक्षा त्याला दाबून ठेवणं आणि कुत्र्याचे दिवस सुखाचे जाणं, यावर नजर असते.

मोत्याला कार्बोप्लॅटिन नावाचं औषध शिरेतून दिलं. तीन आठवड्यांनी एकदा, असं चार वेळा द्यायचं ठरलं. दर वेळी आधी रक्त तपासलं. 5 ऑगस्ट 2022 ला पहिला डोस झाला. अर्ध्या दिवसात आम्ही घरी आलो. दोन दिवस त्यानं खाणं कमी केलं. तिसऱ्या दिवशी भाकरीसाठी दारात उभा राहिला.

केमोची सगळी औषधं कारखान्यात निर्माण झालेली नाहीत. आपल्या तुळशीजवळ सदाफुली फुलते ना? तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध काढतात. ते माणसांच्या कॅन्सरवर चालतं. गावातल्या कुत्र्यांना एक वेगळा कॅन्सर होतो, त्यावरही तेच औषध देतात. हा रोग कुत्रा आणि कुत्री यांच्या संगातून पसरतो. लघवीच्या जागी फुलकोबीसारखी गाठ येते आणि रक्त ठिबकतं. आठवड्याला एक, अशी काही इंजेक्शनं दिली, की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे पुष्कळांना माहीत नसतं. रक्त ठिबकणाऱ्या कुत्र्याला लोक धोंडा मारून हाकलतात.

पण सावध! सदाफुलीची पानं वाटून कुत्र्याला किंवा माणसाला देऊ नका. ती विषारी आहेत. औषधाचं माप डॉक्टरांनाच ठाऊक.

६. घरच्यांनी पाळायचे नियम

केमोचं औषध कुत्र्याच्या लघवीतून आणि शेणातून बाहेर पडतं. पहिले तीन दिवस जास्त जपावं. घाण काढताना हातात रबरी मोजे घालावेत. ती पिशवीत बांधून, डॉक्टर सांगतील तशी टाकावी. उकिरड्यात टाकू नये. लघवीची जागा भरपूर पाण्यानं धुवावी. पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये. कुत्र्याचं अंथरूण घरच्या कपड्यांत धुऊ नये. लहान मुलांना तोंड चाटू देऊ नये.

आमची सूनबाई तेव्हा गरोदर होती. मोत्याला भाकरी तीच घालत असे. डॉक्टरांनी सांगितलं, गरोदर बाईनं या औषधाला आणि कुत्र्याच्या घाणीला मुळीच हात लावू नये. तिला वाईट वाटलं. मोत्याही तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसे. मग तिनं उंबऱ्याआडून हाक मारायची आणि आम्ही भाकरी घालायची, असं ठरलं. मोत्या तिच्याकडे बघत जेवायचा.

७. गौरीच्या दिवशी ताप

दुसरा डोस 26 ऑगस्टला झाला. नऊ दिवसांनी, 4 सप्टेंबरला, गौरीपूजन होतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. मोत्या कोपऱ्यात पडून होता. पुरणपोळीच्या वासानंही उठला नाही. कोणी म्हणालं, "गर्दीला भ्यालं असेल." आम्हांला दोन महिन्यांची चूक आठवली. आम्ही ताप मोजला. तो 104 होता.

इथं एक आकडा पाठ करा. माणसाचा साधा ताप 98.6 असतो. कुत्र्याचं अंग मुळातच जास्त गरम असतं. त्याचं 101 ते 102.5 असतं. केमो चालू असताना 103 च्या वर गेलं, की दवाखान्यात धाव घ्यावी. सकाळची वाट पाहू नये. डोसानंतर साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा साधा जंतूही जीव घेऊ शकतो. ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजतात. त्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवावा.

आम्ही आरती दुसऱ्यांवर सोपवली आणि जीप काढली. अण्णा न बोलावता शेजारी येऊन बसले. मोत्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. दवाखान्यात सलाइन लावली, जंतू मारायचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "रात्रभर थांबला असता, तर वाचला नसता."

पुढचा डोस एक आठवडा पुढे ढकलला. 23 सप्टेंबरला तिसरा आणि 14 ऑक्टोबरला चौथा डोस झाला. दिवाळीत मोत्या अंगणात तीन पायांवर धावत होता. फटाका वाजला, की मात्र खाटेखाली!

८. काय खाऊ घालावं?

केमोच्या दिवसांत तोंडाची चव जाते. थोडं थोडं, चार वेळा द्यावं. मऊ भात, उकडलेलं अंडं, हाडं काढलेली शिजवलेली कोंबडी चांगली. अन्न किंचित कोमट करावं, म्हणजे वास येतो आणि कुत्रा खातो. पाणी सतत भरलेलं असावं. कच्चं मांस देऊ नये.

आपल्या कोल्हापूरकडे तांबडा-पांढरा रस्सा आवडतो. तो आपण प्यावा, कुत्र्याला घालू नये. त्यात कांदा आणि लसूण असतो. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेटही कुत्र्याला विषासारखं आहे.

माणसाची अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आपल्याला उतार पडणाऱ्या गोळीनं कुत्रा दगावतो. गोचीड काढत राहावेत, त्यांच्यामुळेही रक्ताचे रोग होतात. कोणतीही लस घालण्याआधी केमो चालू असल्याचं डॉक्टरांना सांगावं.

९. कुठं जावं?

आधी जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात दाखवावं. ते पुढची वाट सांगतात. आपल्याकडे जनावरांचं वैद्यक जुनं आहे. मुंबईत परळला 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

मुंबईत महालक्ष्मीला 2024 साली टाटा ट्रस्टनं लहान प्राण्यांसाठी मोठं रुग्णालय सुरू केलं. त्यामागं एका कुत्र्याची गोष्ट आहे. रतन टाटा यांच्या एका कुत्र्याच्या पायाचा सांधा बिघडला होता. त्यांनी त्याला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेलं. पण उशीर झाला होता. नवा सांधा बसवता आला नाही. डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत पक्का करून टाकावा लागला. एवढ्या मोठ्या माणसालाही उशीर भोवला. आपली काय कथा? पैसा नंतर लागतो, आधी वेळ लागते.

१०. निरोप

2023 सालच्या मे महिन्यात मोत्या खोकू लागला. या वेळी आम्ही तिसऱ्याच दिवशी कोल्हापूरला गेलो. एक्स-रेत फुप्फुसावर पांढरे गोल डाग दिसले. रोग तिथं पोचला होता. आम्ही विचारलं, "आणखी औषध?" डॉक्टर म्हणाले, "देता येईल. पण त्याला त्याचा फायदा थोडा, त्रास जास्त."

आम्ही त्याला घरी आणलं. खोकल्याचं आणि वेदनेचं औषध दिलं. पाटीवर रोज खडूनं एक खूण करू लागलो. मोत्या जेवला, शेपूट हलवली, अंगणात उन्हाला बसला, तर चांगला दिवस. नाही तर वाईट दिवस. तीन आठवडे चांगल्या खुणा जास्त होत्या. जूनमध्ये वाईट खुणा जास्त झाल्या. मग डॉक्टर घरी आले. सूनबाई तान्ह्या बाळाला घेऊन जवळ बसली. अण्णाही होते. डॉक्टरांनी आधी झोपेचं आणि मग शेवटचं इंजेक्शन दिलं. मोत्याला दुखलं नाही.

पाय काढल्यापासून तो अकरा महिने जगला. त्यांतले वाईट दिवस आम्ही मोजले आहेत. ते तीसही भरले नाहीत. बाकीचे सगळे दिवस तो उन्हात बसला, भाकरी जेवला, अंगणात धावला. एवढंच आम्हांला देता आलं. पहिले दोन महिने वाया घालवले नसते, तर त्या महिन्यांतलं त्याचं दुखणं तरी वाचलं असतं.

लक्षात ठेवा

कुत्रा आठवडाभर लंगडला, तर डॉक्टरला दाखवा.
हाडावर टणक सूज आली, तर तेल चोळत बसू नका.
केमो चालू असताना ताप 103 च्या वर गेला, तर त्याच वेळी निघा.
केमोच्या दिवसांत गरोदर बाई आणि लहान मुलं यांना जपा.
खर्च आणि आयुष्य, दोन्ही आधी विचारून घ्या.
औषध परवडो न परवडो, दुखणं मात्र थांबवा.

प्रश्न

१. मोत्या ओरडत नव्हता, तरी त्याला दुखत होतं. हे कशावरून कळलं असतं?
२. गाठ पायात होती. मग पाय काढल्यावरही औषध का द्यावं लागलं?
३. कुत्र्याच्या अंगाचा साधा ताप किती असतो?
४. तांबडा रस्सा कुत्र्याला का घालू नये?
५. अण्णा आधी काय म्हणाले? गौरीच्या दिवशी त्यांनी काय केलं?
६. पाटीवर खुणा कशासाठी केल्या?

घरी करून पाहा: आज संध्याकाळी आपल्या कुत्र्याचे चारही पाय वरपासून खालपर्यंत हळूच दाबून पाहा. एखादी जागा टणक लागली किंवा त्यानं पाय ओढून घेतला, तर ती तारीख वहीत लिहा आणि दवाखान्यात जा.